नॉरिसमामाचा राउंड

इंग्लंडमधल्या आमच्या बेकप गावात राउंड म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी नॉरिसमामाकडे बोट दाखवते. पहाटे घरोघर दुधाच्या बाटल्या ठेवत फिरतो, तो त्याचा राउंड. घरी येऊन टोस्ट खातो, तोही दोन राउंड, कारण पावाच्या कापालाही इथे राउंडच म्हणतात. तरणा होता तेव्हा बॉक्सिंग करायचा. तिसऱ्या राउंडला त्याने रॉचडेलच्या एकाला आडवा केला होता. मग आजोबांचे गुडघे गेले, दुधाची गाडी मामाच्या हातात आली आणि बॉक्सिंग सुटलं. त्याला कुणी विचारलंही नाही.

असा हा माणूस छप्पनाव्या वर्षी प्रेमात पडला. ब्रॉनवेन नावाची बाई, वेल्समध्ये समुद्राकाठी तिचं चहाचं दुकान. तिने साफ सांगितलं, "या शनिवारी सामान घेऊन ये. नाही आलास तर परत बोलावणार नाही." मामाने डेअरीच्या मालकाला, बॅराक्लॉला, काम सोडतोय म्हणून सांगितलं आणि बॅग भरली. अडीचची बस मिळाली तरच पुढची ट्रेन मिळणार होती.

शनिवारी दुपारी तो पबमध्ये निरोप घ्यायला आला. मी तिथे बारवर कामाला असते. टेबलावर बॅराक्लॉ आणि डेअरीचे तिघे. इथेही राउंडच. एकेकाने उठायचं आणि सगळ्यांना पाजायचं. सगळ्यांचे ग्लास रिकामे झाल्याशिवाय पुढचा राउंड नाही, आणि आपला राउंड न पाजता जो उठला तो गावातून उठला. टॅटर्सल म्हणून एक जण असाच उठून गेला होता. अजून त्याला कुणी ओळख दाखवत नाही.

मामा सगळ्यांत आधी आपला राउंड आणायला उठला, तर बॅराक्लॉने त्याला खांदा दाबून बसवलं.

"तुझा शेवटचा, लेका. जाताना."

चौघांचे राउंड झाले. आता मामाची पाळी. तिघांचे ग्लास रिकामे, पण बॅराक्लॉचा अर्धा भरलेलाच. मांजर दूध पितं तसा जीभ लावत बसला होता. मामाच्या जागी घेतलेल्या नव्या पोराला गल्ल्या कळत नाहीत, म्हातारीच्या दारात भलत्याच बाटल्या ठेवतो, असं पुराण चालू होतं.

मी सरळ टेबलापाशी गेले. "संपवा की! मामाची बस आहे."

"घाई कसली, पोरी? बिअर आहे, एरंडेल नाही."

"मामा, तू ऊठ. तुझ्या नावाने मी पाजते यांना."

"तू पाजलास तर तो माझा कसा होईल गं?" मामा हळूच म्हणाला. बॅगेचा पट्टा त्याच्या मुठीत होता.

खिडकीबाहेर बस येऊन थांबली. मामा अर्धवट उठला. बॅराक्लॉने ग्लास तोंडाला लावला, एका घोटात रिकामा केला आणि उलटा करून दाखवला.

"घे, झाला. आण तुझा राउंड."

सगळे मामाकडे बघायला लागले. मामा बारपाशी आला.

"पाच भर."

"भरत नाही. पळ!"

"सगळे बघतायत गं."

मी हात मागे बांधून उभी राहिले. शेवटी पबच्या मालकीणबाईंनीच ग्लास भरले. मामाने ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि एक थेंब न सांडता टेबलापर्यंत नेला. तोवर बस गेली होती.

थोड्या वेळाने बारवरचा फोन वाजला. ब्रॉनवेन.

"निघाला का?"

"नाही. इथेच बसलाय. कुणी बांधून ठेवलेलं नाही, तरी सुटत नाहीये. तुम्हीच या न्यायला."

"त्याला दे," ती म्हणाली.

मामाने पँटला हात पुसून रिसीव्हर घेतला. "मी सोमवारी..." एवढंच बोलला आणि थांबला. शेजारी उभी असल्याने मला ऐकू आलं, पलीकडे नुसती घूं घूं चालली होती. तिने फोन ठेवला होता.

मामाने मात्र ठेवला नाही. कानाला तसाच धरून मान हलवत राहिला. "हो. हो गं. बरं."

टेबलावरून बॅराक्लॉ मान वर करून बघत होता. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.