चारदा सर आणि माझा हिरवा चेहरा

आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला असायचा. तंबाखू नव्हे, पैसे नव्हेत. त्यात असायची बिस्किटांची, चहाची, साबणाची रिकामी वेष्टनं. रस्त्यावर पडलेलं एखादं वेष्टन दिसलं की ते वाकत, झटकत आणि खिशात घालत. गावातले म्हणायचे, "मास्तर, घंटागाडी येते की आता!" ते हसून म्हणत, "तिला सगळंच लागतं, मला निवडक."

सेनगाव तालुक्यातल्या त्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. शनिवारी शेवटचे दोन तास ते चित्रकलेला घेत. एकदा त्यांनी चौथीच्या मुलांपुढे हळदीच्या पुडीचं वेष्टन ठेवलं. एक पोरगं म्हणालं, "सर, हे तर दुकानात मिळतंय. याचं काय चित्र काढायचं?"

"दुकानातली वस्तू चित्रात येऊ नये, असं कुठं लिहिलंय?" सर म्हणाले. "याला पॉप आर्ट म्हणतात. आपण जे रोज बघतो आणि तरी बघत नाही, ते काढायचं. एकदा काढलं तर लोक पुढं जातात. चारदा काढलं की थांबतात."

मग जुन्या स्लिपरचा रबर कापून त्यांनी ठसे करायला शिकवले. रबर लाकडाच्या तुकड्यावर चिकटवायचा, कागदाला दोन घड्या घालून चार चौकोन पाडायचे आणि तोच ठसा चार रंगांत उमटवायचा. निळी पुडी, गुलाबी पुडी, जांभळी पुडी. हळदीची पुडी पिवळी करायची मात्र मनाई! मुलं घरी जाऊन तांब्या, चप्पल, बियाण्याची पिशवी, जे दिसेल ते चारदा उठवू लागली. तेव्हापासून गाव त्यांना चारदा सर म्हणू लागलं.

पुढं मुलांना ठशासाठी माणूस हवा झाला. सर माझ्याकडं आले. "सर, अर्धा तास स्टुलावर बसाल का? तुमची टोपी आणि मिशी ठशाला फार सोप्या आहेत." मी बसलो. मनातून सुखावलोही होतो. मंगल नावाची एक मुलगी मला दटावत होती, "हेडगुरुजी, हलू नका ना, मिशी वाकडी होऊन राहिली!" कागद तयार झाला तेव्हा त्यावर माझी चार तोंडं होती. एक हिरवं, एक निळं, एक जांभळं, एक शेंदरी. मी पोट धरून हसलो आणि माझ्याच हातानं तो कागद कार्यालयात लावला.

पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. भिंतीकडं बघून त्यांचा आवाज चढला. "हे काय? मुख्याध्यापकाचं सोंग काढतात पोरं? कोणी करायला लावलं?"

माझ्या नोकरीचे सहा महिने उरले होते. मी म्हणालो, "साहेब, मला विचारलं नव्हतं. माझ्या माघारी झालं."

सर दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना नोटीस आली. उत्तरात त्यांनी एकच ओळ लिहिली, चूक माझी आहे. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमचे सहा महिने उरलेत, माझी अकरा वर्षं. मला भरून काढायला वेळ आहे." त्यांची बदली झाली. हेडमास्तरचं सोंग काढणारा मास्तर, एवढीच त्यांची ओळख गावात मागं राहिली. ती मीच राहू दिली.

गेल्या महिन्यात सिद्धेश्वर धरणाजवळच्या शाळेतून ते निवृत्त झाले. मला निमंत्रण होतं. शाल, नारळ, भाषणं झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी अकरा वर्षं गिळलेलं सगळं बोललो. स्टुलावर मी राजीखुशीनं बसलो होतो, कागद मी लावला होता, खोटंही मीच बोललो होतो.

आमच्या जुन्या गावाहून काही मुलं जीप करून आली होती. त्यांतली मंगल उठली. आता ती नर्सिंगला आहे. "गुरुजी, आमाला काय नवं सांगून राहिले? आमीच तर तुमाला बसवलं होतं. सरांनी आमच्याकडून वचन घेतलं होतं, म्हातारपणी गुरुजींना तकलीफ देऊ नका म्हणून."

लोक हसले. मला रडू आलं. सर उठून जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, मी रागावलो नव्हतो असं म्हणणार नाही. दोन वर्षं रागावलो होतो. मग नवी पोरं आली, शनिवार आला, रागावायचं राहून गेलं." मग म्हणाले, "पण बोललात, बरं केलंत. आता त्या गावात मला ताठ मानेनं जाता येईल. पुढच्या शनिवारी जातोच."

औंढ्याला मी हिंगोलीवरून पुढं जाणारी गाडी धरली. खिडकीशी बसलो आणि डोळे मिटले. कंडक्टरनं हलवलं तेव्हा बाहेर अनोळखी दुकानं होती.

"बाबा, तिकीट हिंगोलीचं अन् तुमी कन्हेरगावात येऊन पोचले. हिंगोलीच्या स्टँडवर दोन हाका मारल्या, उठलेच न्हाई. इतकी काहून झोप लागली?"

"फार दिवसांनी लागली," मी म्हणालो आणि उलट जाणाऱ्या गाडीची चौकशी करत खाली उतरलो.