सातव्या वळणावर नमो मारिया

आमच्या पिएत्राल्तात अंडं उकडताना कोणी घड्याळ बघत नाही. मारियामातेची प्रार्थना म्हणत मोजतात: मऊ हवं तर बारा नमो मारिया, घट्ट हवं तर तीस. मला हे मठाच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं, नाझारेनोला त्याच्या आईनं. त्यामुळे गाडीच्या इंजिनाबद्दलही तो माझ्याशी नमो मारियाच्या मापात बोलू लागला तेव्हा आम्हाला दोघांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

नाझारेनो ऑलिव्हचे घाणे दुरुस्त करतो. वय सहासष्ट, बोलणं कमी, नखांत कायम काळं. सत्तावीस वर्षं जूनच्या शर्यतीत तो आपली लाल गाडी घेऊन घाट चढतो आहे, आणि सत्तावीस वर्षं त्याला एकच हवं आहे: चार मिनिटांच्या आत वर पोचायचं. सगळ्यात चांगली वेळ चार मिनिटं दोन सेकंद. यंदा डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, शर्यतीच्या दाखल्यावर ही माझी शेवटची सही.

त्यात वसंतात त्याचा टर्बो फुटला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर हे चक्र फिरतं आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. छोटं चक्र चटकन जागं होतं, पण शेवटी दमतं. मोठं उशिरा जागं होतं, मग मात्र गाडी फेकतं. नाझारेनोनं जुन्यासारखाच छोटा आणला. त्याच्या बायकोचा भाऊ ओत्ताविओ मोठा घेऊन आला.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी सातव्या वळणावर उघडते. टायर किंचाळला की मी नमो मारिया सुरू करते आणि टर्बो जागा झाल्याची शीळ आली की थांबते. कुठल्या शब्दावर थांबले ते कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या पानावर लिहिते. नाझारेनोला हे ठाऊक होतं. शनिवारी सकाळच्या सरावात त्यानं मोठा लावून पाहिला आणि दुपारी थेट माझ्याकडे आला. मागोमाग ओत्ताविओ.

"सिन्योरा, कुठपर्यंत पोचलात?"

"कृपापूर्णेपर्यंत. चौथा शब्दसुद्धा नाही आला."

"शक्यच नाही. मी येशूच्या नावापर्यंत गेलो होतो. अर्धी प्रार्थना झाली!"

"सिन्योरांना डुलकी लागली असेल," ओत्ताविओ म्हणाला.

"डुलकी तुला लागते. स्वतःच्या लग्नात लागली होती, मी पाहिलंय."

एकच वळण, एकच क्षण, मग शब्द वेगळे कसे? मला राहवेना. मी नाझारेनोला खुर्चीवर बसवलं, हातात ताटली दिली आणि म्हटलं, "हे तुझं स्टिअरिंग. गाडीत म्हणालास तशीच म्हण."

त्यानं ताटली घट्ट धरली आणि सुरुवात केली. एका श्वासात येशूचं नाव आलंसुद्धा.

"दाजी, ही प्रार्थना आहे की शेपटीवर पाय पडलेलं मांजर?" ओत्ताविओ पोट धरून हसत होता. मग एकदम गंभीर झाला. "म्हणजे मोठा फार उशीर लावत नाही, तुम्ही घाबरून भरभर म्हणता! मोठाच राहू द्या. वळणांत सात सेकंद जातील, वरच्या सरळ रस्त्यावर आठ मिळतील."

त्याचं बरोबर होतं. मीही मनात तेवढेच मोजले होते. तरी विचारलं, "आणि जुन्या छोट्यावर कुठपर्यंत जायचास रे?"

नाझारेनोनं ताटली मांडीवर टेकवली.

"छोट्यावर मी कधी प्रार्थना म्हटलीच नाही, सिन्योरा."

ताटली टेबलावर ठेवून तो उठला. "चल, काढू या मोठा."

"दाजी, शेवटचं वर्ष आहे!"

"म्हणूनच."

रविवारी सातव्या वळणावर टायर किंचाळला. मी 'न' म्हटलं आणि शीळ आलीसुद्धा. गाडी माझ्या खिडकीखालून अशी वळली, जशी रोजच्या वाटेनं घरी निघाली असावी. मग वरच्या सरळ रस्त्यावर तिचा आवाज बारीक होत गेला. छोटा दमला होता.

चार मिनिटं आणि सेकंदाचे तीन दशांश.

संध्याकाळी दोघं बडीशेपेची बिस्किटं घेऊन आले. ओत्ताविओच्या तोंडाला विराम नव्हता. मोठा असता तर, मोठा असता तर. नाझारेनोनं वाईनमध्ये बिस्किट बुडवलं आणि मला विचारलं, "कुठपर्यंत?"

"'नमो' पुरं व्हायच्या आत."

एवढा मोठा हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं. "ते लिहा. चार मिनिटांचं नका लिहू."

मी दोन्ही लिहिलं. पण त्याच्या मनात अजून काहीतरी घोळताना दिसत होतं. माझ्याही डोक्यात तेच होतं: खरंच, मोठा असता तर?

"ओत्ताविओ," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी गाडी तू ने. मोठा बसवून. मी इथे सिन्योरांच्या खिडकीत बसून मोजतो."

ओत्ताविओचा हात बिस्किटावरच थांबला. "मी? अहो दाजी, मला तर नमो मारिया अर्धीच येते."

"पुरेल," नाझारेनो म्हणाला. "मोठ्याला अर्धीच लागते."