यार्डपलीकडच्या पोरांची बस

बेल्टन गावात रेल्वे यार्डच्या पलीकडे जी वस्ती आहे, तिथलं कुणीही धरा, लहानपणी ते ओझेला ग्रेव्जच्या पिवळ्या बसमधून शाळेत गेलेलं असणारच. मागच्या बाकावर कुणी दंगा सुरू केला की ओझेला वरच्या आरशात बघून नुसतं "हं?" म्हणायची. तेवढं पुरे असायचं. आता दाढीमिशा आलेले बाप्ये दुकानात समोर आले तरी तिला बघून सरळ उभे राहतात.

तिचे गुडघे गेले आणि तिने नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी मुलं कमी म्हणून सरकारी शाळा बंद झाली. शाळा यार्डच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावर होती. इमारतीला कुलूप लागलं, मैदानात कमरेएवढं गवत वाढलं आणि वस्तीतली पोरं चार दिशांना पांगली. म्हणून तिथे चार्टर शाळा येणार, सरकारचाच पैसा पण कारभार स्वतःच्या मंडळाचा, असं कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ओझेलाला झाला.

नवी मुख्याध्यापिका मॅलरी सॉन्डर्स एका दुपारी तिच्या ओसरीवर येऊन बसली. तरुण, गुळगुळीत बोलणारी, पण मनाने वाईट नव्हे.

"ओझेलाबाई, शाळेने काय साधायचं, पैसा कुठे घालायचा, हे आम्हाला वस्तीला विचारूनच ठरवायचंय. तसा नियमच आहे. पण नियम नसता तरी मी विचारलं असतं. या वस्तीत तुमचा शब्द चालतो म्हणतात. लोकांना सभेला आणाल?"

"आणते की," ओझेला म्हणाली. "पण ऐकून घेणार ना?"

"त्यासाठीच तर बोलावतोय."

ओझेलाचा थोरला भाऊ आर्विल कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत होता. मॅलरीची गाडी वळणाआड गेल्यावर त्याने एक डोळा उघडला. "झालं. लागलीस तू कामाला."

"तुला काय करायचंय?"

"मला काही नाही. मी फक्त बघणारे."

ओझेला दुखऱ्या गुडघ्यांनी घरोघर फिरली. मारिसेला नावाची एक आई टोमॅटोच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची. सुट्टीच्या दिवशीही ती दमलेली असायची. तिला तर ओझेलाने जवळजवळ ओढूनच आणलं. "अगं, आपणच गेलो नाही तर मग आपल्याला विचारलं नाही म्हणून बोंब मारायला तोंड राहील का?"

सभेला खोली भरून गेली. पिझ्झाचे खोके होते, लहान पोरांना सांभाळायला दोन मुली होत्या. भिंतींवर मोठमोठे तक्ते लावले होते: वाचन, गणित, संगणक, मुलांचं मन, शिक्षकांचं प्रशिक्षण. प्रत्येकाच्या हातात हिरव्या टिकल्यांचा कागद दिला. जे महत्त्वाचं वाटतं त्यावर चिकटवा, म्हणाले.

मारिसेला सगळ्या भिंती फिरून आली. "मावशी, बसचा तक्ता कुठाय?"

तो नव्हताच. यार्डवरून शाळेकडे जायला एकच पूल. त्याला पायवाट नाही, आणि त्यावरून दिवसभर कंटेनरचे ट्रक धडधडत असतात. सरकारी शाळा होती तेव्हा बस होती, म्हणून त्या पुलाचा विचार कुणाला करावा लागला नव्हता. ओझेलाने मॅलरीला गाठलं.

"अगदी बरोबर मुद्दा," मॅलरी म्हणाली. "तिथे कोपऱ्यात 'इतर' म्हणून तक्ता आहे ना, त्यावर लिहा."

ओझेलाने जाड पेनाने 'बस' लिहिलं. बघता बघता वस्तीतल्या सगळ्या टिकल्या त्या कोपऱ्यात आल्या. कागदाचा पांढरा रंग दिसेना. मॅलरीने फोटोही काढला. त्या दिवशी ओझेला गुणगुणत घरी आली.

"टिकल्या लावून बस येत असती," आर्विल म्हणाला, "तर मी अंगभर लावून रस्त्यात उभा राहिलो असतो."

"जळो तुझं तोंड. माणसाने कधी चांगलंही बोलावं."

वसंतात आराखडा तयार झाला आणि मंडळापुढे वाचायला आला. ज्याला बोलायचं त्याला दोन मिनिटं मिळणार होती. ओझेलाने पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. बस कुठेच नव्हती. शेवटी तिने मॅलरीलाच विचारलं.

"आहे ना," मॅलरीने बोट ठेवलं. "'उपस्थिती आणि पालकांशी दुवा'. वाहतुकीची काळजी आम्ही त्यात धरलीय. मूल शाळेत आलं नाही की आईच्या फोनवर लगेच निरोप जाणार."

"म्हणजे पोर शाळेत पोचलं नाही की आईला कळणार की पोर शाळेत पोचलं नाही."

"हो, त्याच मिनिटाला."

"अहो बाई, ते तिला माहीत असतं! पोर घरीच असतं ना तिच्या!"

मागे दोघंतिघं हसली. ओझेलाला हसू आलं नाही. ती माइकपाशी गेली, पुलाबद्दल बोलायला लागली, आणि तिचं निम्मं बोलणं व्हायच्या आत घड्याळ पीं पीं करू लागलं. मंडळाचा अध्यक्ष अगदी गोड आवाजात म्हणाला, "आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत." मग मंडळातल्या सगळ्यांनी हात वर केले आणि आराखडा मंजूर झाला.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. पोरं पुलाच्या कठड्याला खेटून, एकामागे एक अशी जायला लागली. एका सकाळी ट्रकच्या वाऱ्याने मारिसेलाची धाकटी मुलगी आना पडली. गुडघे सोलवटले, हाताला खोक पडली. नशीब म्हणायचं की कठड्याच्या बाजूला पडली. मारिसेला त्या वेळी कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी होती. पोरीला उचलून आणलं ते ओझेलाने.

त्याच आठवड्यात ओझेला पाद्रीबाबांकडे गेली आणि चर्चची जुनी व्हॅन मागून घेतली. रविवारी म्हाताऱ्यांना आणायला तेवढी ती निघायची, बाकी दिवस उभीच असायची. ओझेलाचा परवाना अजून चालू होता. गुडघ्याला पट्टा बांधून ती पुन्हा चाकामागे बसली. पोरं कोंबून कोंबून दोन फेऱ्या व्हायच्या. आर्विल चिडवायचा, "पेन्शन घेतलीस का पुन्हा नोकरी धरलीस?" पण रोज सकाळी काच पुसून ठेवायचा तोच. खरं सांगायचं तर ते महिने ओझेलाचे फार सुखाचे गेले. मागच्या बाकावर दंगा व्हायचा, ती आरशात बघायची.

पुढच्या वर्षीच्या आराखड्याची वेळ आली. ओझेला सभेला लवकर जाऊन पुढेच बसली. या वेळी आराखड्यातून बस सुटणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. दिवे मंद झाले आणि पडद्यावर भलंमोठं चित्र आलं: चर्चची व्हॅन, तिच्यातून उतरणारी पोरं आणि चाकामागे खुद्द ओझेला.

"समाजाचा सहभाग म्हणजे काय, तर हा," मॅलरी कौतुकाने म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: वाहतूक — गरज स्थानिक सहकार्यातून पूर्ण.

टाळ्या थांबेपर्यंत ओझेला खुर्चीत तशीच बसून राहिली. सभा संपल्यावर तिने मॅलरीला दारात अडवलं.

"मी पोरांना नेते ते शाळा नेत नाही म्हणून. आणि तुम्ही लिहिता की मी नेते म्हणून शाळेला न्यायला नको?"

मॅलरीचा चेहरा उतरला. "ओझेलाबाई, मी मंडळाकडे कुठल्या तोंडाने पैसे मागू? गरज भागतेय असं त्यांना दिसतंय. मला खरंच वाईट वाटतं."

"वाईट वाटून पूल छोटा होतो का गं, पोरी?"

घरी येऊन तिने किल्ल्या टेबलावर आपटल्या. आर्विल खुर्चीतून उठून टेबलापाशी आला. तिने विचारलं, "व्हॅन बंद करू?"

"पोरांचं काय?"

"तेच तर. तेच तर गळ्यात अडकलंय." तिने किल्ल्या पुन्हा उचलल्या. "पण मी मेले किंवा आडवी पडले तर कोण नेणार? असंच चालवलं तर बस कधीच येणार नाही, आर्विल."

मग ती पुन्हा घरोघर फिरली. सोमवारपासून व्हॅन बंद, असं प्रत्येकाला तोंडावर सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी दार लावून घेतलं. मारिसेला मात्र पायरीवरच कडाडली. "राग शाळेवर आणि काढता आमच्या पोरांवर? आना पडली तेव्हा तुम्हीच उचलली होती ना, मावशी?"

ओझेला म्हणाली, "हो, मीच," आणि पायऱ्या उतरली.

सोमवारी बऱ्याच आयांनी पोरं घरीच ठेवली. मंगळवारीही. शाळेचे निरोप मात्र नेमाने फोनवर येत राहिले. सरकारचा पैसा शाळेला मिळतो तो रोज हजर असणाऱ्या पोरांच्या हिशेबाने, त्यामुळे रिकामी बाकं मंडळाला लगेच टोचायला लागली. मंडळाची तातडीची बैठक लागली, तेव्हा तिथे बोलायला उभी राहिली ती मारिसेला. ओझेलाचं नावही न घेता, कामावरच्या कपड्यांत, मुलीचा हात धरून. दोन मिनिटांचं घड्याळ वाजलं तरी ती थांबली नाही. "वाजू द्या," म्हणाली आणि पुढे बोलत राहिली. ओझेला भिंतीला टेकून मागे उभी होती. तिला वाटलं, हे आपण गेल्या वर्षी का केलं नाही? घड्याळ वाजलं की आपण मुकाट्याने का बसलो?

व्हॅन मिळाली. एक भाड्याची, बाहेरगावच्या चालकासकट, पेट्रोल पंपापाशी एकच थांबा आणि तीही फक्त तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. चौथीपासून पुढची मोठी समजायची. आना त्या वर्षी चौथीत गेली होती. आराखड्यात वाक्य होतं की शाळेने स्वतःहून पुढाकार घेऊन वाहतुकीची सोय केली. ओझेलाने चर्चची व्हॅन पुन्हा काढली, मोठ्या पोरांसाठी. या वेळी तिने शाळेच्या दारात कुणाला फोटो काढू दिला नाही. मारिसेला आनाला व्हॅनपर्यंत आणून सोडायची, "सकाळ चांगली जावो" म्हणायची आणि वळायची. पूर्वीसारखं दारात थांबून बोलणं राहिलं नाही.

उन्हाळ्यात मॅलरी दुसऱ्या गावी वरच्या नोकरीवर गेली. जाताना तिने ओझेलाला फुलं पाठवली. नवे मुख्याध्यापक आले. त्यांनीही वस्तीला बोलावलं, पिझ्झा मागवला, आणि हात चोळत म्हणाले, "आधीचं सगळं बाजूला ठेवू. आपण कोऱ्या पाटीवर सुरुवात करू. शाळेकडून तुम्हाला काय हवंय?"

सगळ्यांच्या नजरा ओझेलाकडे वळल्या. नव्या मुख्याध्यापकांनी पुढच्या रांगेतल्या म्हातारीकडे बघून विचारलं, "आपलं नाव काय, बाई?"

ओझेलाने एक लांब श्वास सोडला. घरी जाऊन झोपावं, असं तिला मनापासून वाटलं. मग ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली, नाव सांगितलं, आणि यार्डवरचा पूल कुठे आहे इथपासून सांगायला लागली.