मागची खोली सोडून

गेल्या महिन्यात जालन्यात एक घर बघायला गेलो होतो. राहायला नव्हे हं... मी घरादुकानांचा दलाल. कुणाला घर गहाण टाकून कर्ज हवं असलं की मी त्याला शेठजींकडे नेतो, आणि कागद झाला की माझी दलाली घेतो.

आमच्या शेठजींची एक रीत आहे. ते स्वतः कधी घर बघायला जात नाहीत. बायामाणसांच्या घरात आपण कशाला डोकवायचं, म्हणतात. मी बघून येतो, जे असेल ते सांगतो आणि त्या भरवशावर ते पैसे देतात.

या वेळचं घर गणपतरावांचं. मूळचे टेंभुर्णीचे, इथं सरकीचा व्यापार. स्टेशनजवळ कापसाच्या जिनिंगसाठी जागा मिळत होती आणि ती हातची जाईल म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

घर पक्कं होतं, कागदपत्रं साफ. मागच्या खोलीत सरकीची पोती रचलेली... "हे गोदाम," गणपतराव म्हणाले. त्या गोदामाच्या कोपऱ्यात एक चूल होती, नुकतीच सारवलेली.

चुलीबद्दल खोदून विचारलं तेव्हा कळलं, खोली त्यांच्या विधवा आत्याची. गणपतरावांच्या वडिलांनी मरताना चार माणसांसमोर बहिणीला दिलेली, हयातभर राहायला. लिहिलेलं काहीच नाही, पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक. म्हातारीला चार दिवस लेकीकडे, बदनापूरला धाडलं होतं. चूल मोडायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

"दलालसाब, हे शेठजींना सांगायची काय गरज हाय? कागदावर बिलकुल न्हाई ते," गणपतराव म्हणाले. "जागा गेली तर मी काय करू मंग? तुमची दलाली दुप्पट धरा."

दुप्पट ऐकून मन हललं, उगीच साधूपणाचा आव आणत नाही. पण दलालाकडे असतं काय? घर एकाचं, पैसा दुसऱ्याचा... आपला नुसता शब्द. तो एकदा खोटा निघाला की शेठजी मला पेढीची पायरी चढू देणार नाहीत.

म्हणून पेढीवर जाऊन शेठजींना सगळं सांगून टाकलं. शेठजी पान लावत होते. लावून झाल्यावर एवढंच म्हणाले, "बाई कुठं हाय? जल्दी बोलवा. ती इथं बसल्याबिगर कागद होणार न्हाई."

गणपतरावांनी मला नको नको ते ऐकवलं. पण गरज त्यांची होती. दोन दिवसांनी सकाळच्या गाडीने आत्याबाईंना घेऊन आले.

त्या पेढीच्या दाराशीच बसल्या. शेठजींनी कागदात घालायला लावलं... घर गहाण, मागची खोली सोडून. खोली आत्याबाईंची, त्या असेपर्यंत. कागद इथल्या सरकारी रिवाजाप्रमाणे उर्दूत, म्हणून कारकुनाने तो मराठीत सांगितला. त्या म्हणाल्या, "फिरून सांगा." त्याने फिरून सांगितला.

मग त्यांनी अंगठा उठवला आणि भाच्याकडे वळल्या. "गणपत, तुझा बाप जाऊन बारा वर्सं झाली. तू जरा मोठ्यानं बोललास का मी गाठोडं बांधून ठेवत होते. आता न्हाई बांधणार."

गणपतरावांनी कागद ओढून सही केली. मला तर वर बघवेना.

खोली वगळल्यामुळे कर्ज कमी मिळालं. गणपतरावांना जागेत एक भागीदार घ्यावा लागला, आणि आता ते मला बघून रस्ता बदलतात. माझी दलाली अर्थातच एकपट.

निघताना आत्याबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "लेकरा, माझ्यासाठी बोललास रे..." म्हणाल्या.

त्यांच्यासाठी मी बोललोच नव्हतो. मी माझी पत राखत होतो, त्यांचा विचार एकदाही मनात आला नव्हता. हे सांगायला तोंड उघडलं... आणि नुसतं "हो" म्हणालो. शेठजींशी पूर्ण खरं बोलणारा मी, म्हातारीशी मात्र खोटं बोललो, आणि आशीर्वाद घेऊन घरी आलो.