"गेमचं तेवढं काढून टाका"

अमरावतीत कॉम्प्युटरची दुकानं नाहीत का? ढीगभर आहेत. आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर तीन आहेत. पण आमच्या घरात साधा मिक्सर घ्यायचा म्हटला तरी आधी "ओळखीचं कोण हाये?" हा प्रश्न निघतो. माझ्या कॉम्प्युटरसाठी ओळख निघाली ती थेट अकोल्यात. मामा तिथे वकील, आणि दुकानदार त्यांचा जुना अशील. "घरचाच माणूस हाये, फसवणार नाही," मामा फोनवर म्हणाले आणि विषय मिटला. वस्तू कोणती घ्यायची याच्या आधी कोणाकडून घ्यायची ते ठरलं. आजही आठवलं की डोकं सणकतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. एका फोटो स्टुडिओत बसून लग्नाचे अल्बम डिझाइन करायचे. नवरीच्या मागे ताजमहाल चिकटवून चिकटवून जीव विटला होता. पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत अर्ज केला होता आणि त्यांनी पहिल्या चाळणीत मला ठेवलंही होतं. पुढची परीक्षा घरून द्यायची होती. कॉम्प्युटरवर एक अख्खं गाव उभं करायचं, घरं, झाडं, रस्ते, आणि त्याची दहा चित्रं सात दिवसांत पाठवायची. जमलं तर नोकरी. माझा जुना लॅपटॉप त्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं तरी धापा टाकायचा.

आणि हो, मला गेम खेळायचेही होते. खेळल्याशिवाय तो बनतो कसा ते कळणार कसं? पण हे आमच्याकडे बोलायची सोय नाही. पोट्टीनं गेम खेळायचा म्हणजे काही तरी वाया गेलं, असंच तोंड करतात सगळे.

महिनाभर मी अभ्यास केला. बजेट साठ हजार, त्यातले निम्मे माझे. कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, तेच तर ठरवायचं असतं. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल. स्क्रीन लहान चालेल. कॉम्प्युटरच्या डब्यात रंगीबेरंगी लाइट तर नकोच नको. पण ग्राफिक्स कार्ड मात्र दमदार पाहिजे, कारण चित्र उभं करायचं सगळं ओझं तेच ओढतं. बाबा नुकतेच शाळेतून रिटायर झालेले, गणिताचे मास्तर. रोज संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना समजावायचे. "प्रोसेसर म्हणजे आचारी, बाबा. कार्ड म्हणजे पंगतीतले वाढपी. आचारी कितीही भारी असो, वाढपीच नसले तर माणसं ताटावर बसून राहतील." बाबा हसायचे, मध्येच प्रश्न विचारायचे. मला फार बरं वाटायचं.

परीक्षेचं काम हाती पडलं त्याच दिवशी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. दुकानात मामा आधीच येऊन बसले होते. दुकानदारानं बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाबांनाच विचारलं, "कोणासाठी पाहिजे भाऊ?" मी समोर उभी! मी यादी पुढे केली, एकेक वस्तू समजावून सांगितली. तो मान डोलावत राहिला, पण नजर बाबांकडे. कार्ड कोणतं हवं ते मी दोनदा सांगितलं.

तेवढ्यात मामींचा फोन आला. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, तळून झाली होती, थंड होत होती. "जा वं बाई तू घरी," मामा म्हणाले. "मामी वाट पाहून राहिली. पॅकिंग आमी पाहून घेतो." आता मामाला नाही कसं म्हणायचं? त्यांच्या ओळखीचं दुकान, त्यांच्यासमोर डबा उघडून तपासायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. मी गेले. गरम सांबारवडी खाल्ली, दोनदा मागून खाल्ली. त्या भिडेचा मला आजही राग येतो.

भाड्याच्या गाडीतून खोकी अमरावतीला आली. आईनं कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. स्क्रीन मी सांगितली त्यापेक्षा मोठी निघाली. सोबत प्रिंटर निघाला, जो मी मागितलाच नव्हता. डबा तर लाल-हिरवा लुकलुकायला लागला. मला वाटलं, ओळखीत जास्तीचं दिलं असेल. मग सॉफ्टवेअर सुरू केलं. एक झाड ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसऱ्याला सगळं थिजलं. मी स्क्रू काढून डबा उघडला. कार्डाची जागा रिकामी होती.

दुकानदाराला फोन लावला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, ते तर भाऊनं काढायले लावलं. म्हणे गेमचं तेवढं काढून टाका, त्या पैशात स्क्रीन मोठी द्या आन् एक प्रिंटर बसवा." कार्ड आता नागपूरहून मागवावं लागेल, आठ दिवस लागतील म्हणाला. माझ्याकडे सहाच होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ म्हणजे मामाच, दुसरं कोण? मी जन्मात मामांसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी फोनवर चढवला. "तुमाले काय समजते हो त्याच्यातलं? मले एका शब्दानं इचारलं काहून नाही?" मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मी नाही सांगतलं बाई. तुह्या बाबाले इचार."

बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी विचारलं तर नजर वर न करता "हो" म्हणाले. मनात म्हटलं, मास्तर असले तरी जुनं माणूस, गेम हा शब्द ऐकून घाबरले असतील, कार्ड म्हणजे पोरांचं खेळणं वाटलं असेल. कमी पडले ते माझं समजावणंच, असंही वाटलं. मग त्या अधू मशीनवर मी सहा दिवस झटले. निम्मे दिवस गाव उभं करण्यातच गेले, आणि पुढे एकेक चित्र बाहेर पडायला अख्खा दिवस जायचा. दहापैकी तीन झाली, तीच पाठवली. कंपनीचं उत्तर दोन ओळींत आलं. काम अपुरं आहे, धन्यवाद.

मी स्वयंपाकघरात आईला ते सांगत होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. "जाऊ दे," म्हणाले. "पुण्यात एकटी कशी राहिली असती तू?"

मी विचारलं, "म्हणजे? कार्ड गेमचं वाटलं म्हणून काढलं ना तुम्ही?"

"दुकानदाराले काही तरी सांगा लागते ना," बाबा म्हणाले. "तू महिनाभर समजावून सांगतलं, मले काय समजलं नाही का? त्याच्याबिगर हे काम होणारच नाही, हे मले पक्कं समजलं होतं."

आईच्या हातातली पळी थांबली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही अडाणी असते तर लय बरं झालं असतं."