शिवाने आणलेला टी-सेट

जामसंड्याच्या श्रीपाद मास्तरांकडे कुणी गेलं आणि शोकेस न बघता परत आलं, असं व्हायचंच नाही. मास्तर सोडतील तर ना! आत दिवा लावलेला, आणि दिव्याखाली तो जपानी टी-सेट. पांढराशुभ्र, निळी फुलं, काठाला सोनेरी रेघ, इतका पातळ की उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसावीत. वर मास्तरांचं ठरलेलं वाक्य, "आमच्या आजोबांनी गोव्याहून आणलेला."

डोंबलाचे आजोबा! सेट आणला होता मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे किशोरीच्या भावाने. शिवा बोटीवर खलाशी होता. पहिल्याच फेरीत त्याने तो आईसाठी घेतला, आणि गावच्या घरात ठेवायला धड जागा नाही म्हणून चार दिवस बहिणीकडे ठेवला. पुढे शिवा तापाने गेला. सेट राहिला तो राहिलाच, आणि मास्तरांनी त्याला आजोबा चिकटवले. किशोरी दर शनिवारी एकेक कप पुसायची आणि आतल्या आत जळायची. घरात वाद नको म्हणून गप्प बसायची, आणि त्या गप्प बसण्याचाच तिला जास्त राग यायचा.

परवा त्यांच्या मुलीला, नम्रताला बघायला कुडाळची माणसं आली. नातीच्या ओढीने किशोरीची आईही सकाळच्या एसटीने आली होती. मास्तरांनी सेट काढला. पाहुण्यांना एकेक कप दिला, स्वतःही घेतला. मग स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "आईंना स्टीलच्या पेल्यात दे. हात कापतात त्यांचे, फोडतील."

किशोरीने दात-ओठ खात पेला भरला. बाहेर आली, तर मास्तर रंगात आलेले. "आजोबांची आवडच उंची हो!" कोपऱ्यात म्हातारी त्या निळ्या फुलांकडे टक लावून बघत होती. तिने पदराने डोळे पुसले.

किशोरीचं डोकंच फिरलं.

"खंयचे आजोबा?" ती कडाडली. "माज्या भावान आणल्यान हे कप! आपल्या आवशीक आणल्यान! मेल्या माणसाचा नाव गिळतास, लाज वाटणा नाय?"

"अगं, पाहुणे बसलेत," मास्तर पुटपुटले. "सोयरीक मोडेल!"

"मोडांदे, बाबा," दारातून नम्रताच म्हणाली.

किशोरीने नवऱ्याच्या हातातला अर्धा प्यालेला कप काढून घेतला आणि तिथे स्टीलचा पेला दिला. आत जाऊन कप विसळला, ताजा चहा ओतला आणि आईपुढे धरला. म्हातारीच्या हातात बशी खडखडायला लागली.

"नको गो बाय, फुटात."

"फुटांदे," किशोरी म्हणाली. "तुजो आसा."