पुठ्ठ्यातला सूर्य

आज बायबल पुसताना आतून पुठ्ठा पडला. मधोमध सुईचं भोक.

खारघरला आलो त्या वर्षी सूर्यग्रहण होतं आणि मला सातवा महिना. शेजारच्या काकू सकाळीच बजावून गेल्या, "खिडकीतसुद्धा येऊ नकोस गं." माझे सासरे चर्चचे पाळक. ते हसले, "सूर्य-चंद्र देवानंच फिरवलेत. चल, दाखवतो."

गच्चीवर त्यांनी हात लांब करून पुठ्ठा धरला. फरशीवर कुरतडलेला सूर्य उमटला. ऊन राखाडी झालं, कावळे गप्प झाले. पोटातलं बाळही हलेना. मी पोटावर हात ठेवला.

"पप्पा, जरा सरका ना, ऊन अडतंय."

ते हलले नाहीत. तेव्हा चिडले होते मी. आज उमगतंय, ग्रहण सुटेपर्यंत त्यांची सावली माझ्या पोटावर होती.